तिसरा रकाना

फहाहीलच्या टायपिंगवाल्याने विचारलं, आजाचं नाव?
अरबी अर्जात माणूस चार मजली असतो:
स्वतः, बाप, आजा, मग घराणं.
तिसरा मजला माझ्याकडे नव्हता.
घरी सगळे तात्याच म्हणायचे,
मी जन्मायच्या आत भिंतीवर जाऊन बसलेले तात्या.
बाबा असते तर चटकन सांगितलं असतं.

दुकानाबाहेर उभं राहून आईला फोन लावला.
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"सासऱ्यांचं नाव मी घेत नाही. माहीत आहे तुला."
आई, नोकरीचं आहे.
"मग कुंदाला विचार."
कुंदा कणकवलीला गेलेली, सोमवारी येणार.
मुलाखत रविवारी दहाला.
थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाली, "तीन वर्षांनी तो वाढीव महिना येतो बघ,
जावयाला अनारशांचं ताट देतात,
त्याला लोक काय म्हणतात?"

धोंडा महिना.

म्हणून मला ठेच लागली की ही म्हणायची, खडा लागला.
म्हणून शेजारणीने स्वतःच्या पायावर काय मारून घेतलं
हे सांगताना मध्येच थांबायची
आणि हाताने दाखवायची केवढा ते.
एका माणसापायी तिने भाषेतून एक शब्द उचलून
बाजूला ठेवला होता, एकोणपन्नास वर्षं.
तो आता टायपिंगवाल्याला हवा होता, अडीचशे फिल्स जादा.
अरबीत ध नाही. त्याने लिहिलं, दुंदू.
विघ्नेशचा मी कधीच फिग्नेश झालेलो, कुरकुर कशाला.

जागा कंत्राटी. मंत्रालयाचं पाणी खातं, रसायन तंत्रज्ञ,
एक वर्ष, पुढलं वर्ष त्यांची मर्जी.
लियाकत परकार म्हणतो, सरकारी कंत्राट म्हणजे
दुसऱ्याच्या अंगणातला फणस. गरे आपले नाहीत,
सावली मात्र कोण मोजतो?

शुक्रवारी त्यानेच माझी तयारी घेतली.
अकरा वर्षं एका मुदीरची गाडी चालवतोय,
साहेब लोक कसे बसतात ते आरशातून पाहिलेलं.
तवा खाली उतरवून तो स्टुलावर रेलला,
माझी पदवी हातात घेतली, उलटी.
उलटीच बरी दिसते ती. विद्यापीठ, मुंबई, दिल्ली, वकिलात,
मागे शिक्क्यांची इतकी दाटी की पुढून
माझ्या नावातून जांभळी शाई डोकावते.

"समुद्राचं पाणी गोडं कसं करता?"
दाब, पडदा, क्लोरीन, पीपीएम, सगळं घडाघडा बोललो.
"आधीची कंपनी का सोडता?"
खरं उत्तर चार महिन्यांच्या न झालेल्या पगाराएवढं लांब.
मी म्हटलं, प्रगतीसाठी.
तो हसला नाही. मुदीर हसत नाहीत.
"तुमच्यातला दोष?"
मी फार मेहनत करतो.
"हे कोण खरं मानेल? घोरतोस ते सांग."

आईला ऐकायचं होतं म्हणून फोन ओट्यावर उघडा ठेवलेला.
काही कळत नव्हतं तिला, तरी हूं हूं करत होती,
जणू पोथी चाललीय.

"आता बाहेर जा," लियाकत म्हणाला, "पट्टेवाला हाक मारेल.
पहिल्या हाकेला उठायचं. दुसरी मारत नाहीत."
मी पॅसेजमध्ये जाऊन सिलिंडरवर बसलो,
फाईल मांडीवर, गुडघे जुळवून.
आतून तो अकरा वर्षांच्या अरबीत ओरडला:
फिग्नेश शांताराम दुंदू मयेकर!

आणि ओट्यावरच्या फोनमधून
प्लास्टिकची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.
कुणीतरी उभं राहिलं होतं.
हूं थांबलं होतं.

मी अजून बसलेलोच.